घरच्या घरी ब्रेड आणि बन: ब्रेड मेकर वापरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रेड मेकर घरात आला की पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना सारखेच प्रश्न पडतात. ते इथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरं चार ओळींची आहेत, काही लांब आहेत, कारण काही ठिकाणी कारण समजल्याशिवाय उपाय लागू पडत नाही. एक सूचना मात्र पुन्हा पुन्हा भेटेल: मळणी सुरू झाली की झाकण उघडून पिठाचा गोळा बघा.

ब्रेड मेकर नेमकं काय काय करतो?

मळणं, फुगवणं आणि भाजणं ही तिन्ही कामं एकाच भांड्यात करतो. भांड्याच्या तळाशी फिरणारं पातं असतं, बाजूने तापणारी कॉइल असते. आधी मळणी, मग थोडी विश्रांती, पुन्हा मळणी, मग पीठ फुगण्यासाठी मंद ऊब, मध्ये एक-दोनदा पातं हळू फिरवून साचलेली हवा काढणं, शेवटचं फुगणं आणि भाजणं असा क्रम असतो. साध्या प्रोग्रॅमला साधारण तीन ते चार तास लागतात.

घरगुती ब्रेड मेकर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये मात्सुशिता कंपनीने बाजारात आणला. त्यात सगळ्यात अवघड गेली ती मळणी. शेवटी कंपनीच्या इकुको तानाका ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे जाऊन हाताने मळायला शिकल्या. तो बेकर पीठ नुसतं फिरवत नव्हता, पिळत आणि ताणत होता, हे त्यांनी हेरलं. तो ताण मशीनमध्ये आणण्यासाठी आतल्या भिंतीला उभ्या कडा दिल्या गेल्या. गोळा फिरताना कडेला अडतो आणि ताणला जातो. तुमच्या भांड्यात असा उंचवटा असेल तर तो याच कामाचा आहे.

मशीन हे सगळं घड्याळाच्या हिशेबाने करतं. पीठ सैल झालंय की कोरडं राहिलंय, खोली गार आहे की तापलेली, हे बहुतेक मशीनना कळत नाही. तेवढं काम तुमच्याकडे राहतं.

पहिला ब्रेड कोणता करावा?

साधा पांढरा. मशीन, पीठ आणि यीस्ट या तिघांची ओळख त्यातूनच होते. साधारण ७०० ग्रॅमच्या लोफसाठी:

पाणी २५० ग्रॅम, तेल किंवा मऊ लोणी २० ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मैदा ४०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम. प्रोग्रॅम साधा, आकार मधला, कवच मध्यम.

बेकर लोक पिठाचं वजन शंभर धरतात आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यात मोजतात. वरच्या कृतीत पाणी साधारण ६२ टक्के, मीठ पावणेदोन टक्के, यीस्ट एक टक्का आहे. ही पद्धत अंगवळणी पडली की कोणतीही कृती नुसती वाचून ती जमेल की नाही याचा अंदाज येतो. पाणी ५५ टक्क्यांच्या खाली दिसलं तर ब्रेड घट्ट होणार, यीस्ट दोन टक्क्यांच्या वर दिसलं तर तो उतू जाण्याची किंवा मध्ये बसण्याची शक्यता आहे, हे आधीच कळतं.

वजनकाटा खरंच लागतो का? कपाने मोजलं तर?

लागतो. ब्रेड मेकरनंतर काही एक वस्तू घ्यायची असेल तर ती हीच. एक कप मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम भरतो, डब्यात कप खुपसून भरला तर १५० च्या आसपास जातो. तीन कपांच्या कृतीत हा फरक ९० ग्रॅमपर्यंत पोचतो आणि पाणी तेवढंच राहतं. एके दिवशी लुसलुशीत आणि दुसऱ्या दिवशी दडस ब्रेड निघण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. पाणीसुद्धा काट्यावरच मोजा. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे मापाचं भांडं लागत नाही. यीस्ट आणि मीठ मात्र थोडं असतं आणि स्वयंपाकघरातला काटा तेवढ्या वजनाला चुकू शकतो, म्हणून ते चमच्याने मोजलं तरी चालेल. छोटा चमचा सपाट भरला तर इन्स्टंट यीस्ट साधारण ३ ग्रॅम आणि बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम बसतं.

साहित्य कोणत्या क्रमाने घालायचं?

बहुतेक मशीनमध्ये आधी पाणी आणि तेल, त्यावर पीठ, पिठाच्या कोपऱ्यांत मीठ आणि साखर, आणि शेवटी मधोमध छोटा खळगा करून त्यात यीस्ट. काही मशीनमध्ये याच्या उलट, म्हणजे यीस्ट तळाला आणि पाणी शेवटी असतं. तुमच्या मशीनचं पुस्तक सांगतं तसं करा. हेतू दोन्हीकडे एकच आहे: मळणी सुरू होईपर्यंत यीस्ट कोरडं राहावं आणि मिठाला थेट चिकटू नये. लगेच मशीन सुरू करणार असाल तर क्रमाने फारसा फरक पडत नाही. टायमर लावणार असाल तर फार पडतो.

आणि पातं बसवलंय ना, हे पाणी ओतायच्या आधी बघा.

मळणी चालू असताना झाकण उघडलं तर चालतं का?

चालतं, आणि उघडायलाच हवं. शेवटचं फुगणं आणि भाजणं चालू असताना मात्र उघडू नका. त्या वेळी ऊब निघून गेली की वरचा भाग खाली येतो.

मळणी सुरू झाल्यावर पहिली तीन-चार मिनिटं भांड्यात नुसता चिखल दिसतो. कोपऱ्यांत कोरडं पीठ, मध्ये ओला गोळा, कडांना थर. तेव्हा काही करू नका. लाकडी किंवा सिलिकॉनच्या चमच्याने कोपऱ्यातलं पीठ खाली लोटलं तर पुरे. धातूचा चमचा आणि बोटं पात्यापासून लांब ठेवा.

सहाव्या-सातव्या मिनिटाला चित्र बदलतं. कडा आपोआप साफ होतात आणि एकच गोळा फिरू लागतो. आता नीट बघा. गोळा गुळगुळीत हवा, पात्याच्या जागी तळाला जरासा चिकटून पुन्हा सुटायला हवा. बोट लावलं तर ओलसर वाटावा, पण बोटाला पीठ येऊ नये. चिमटीत धरला तर कानाच्या पाळीइतका मऊ लागायला हवा. भिंतीवर आपटण्याचा टक-टक आवाज येत असेल, गोळ्यावर भेगा असतील किंवा त्याचे दोन तुकडे होत असतील तर तो कोरडा आहे. एक छोटा चमचा पाणी घाला, एक मिनिट थांबा, पुन्हा बघा. गोळा बनतच नसेल आणि तळाशी डबकं पसरल्यासारखं दिसत असेल तर मोठा चमचाभर पीठ भुरभुरा आणि पुन्हा एक मिनिट थांबा. घाई करून एकदम तीन चमचे घातले की उलट्या बाजूला तोल जातो.

कृती तीच, मशीन तेच, तरी असं करावं लागतं, कारण पिठातला ओलावा हवेप्रमाणे बदलतो आणि एका गिरणीचं पीठ दुसरीच्या पिठापेक्षा जास्त पाणी पितं. या दहा मिनिटांत गोळा जमला की पुढचे तीन तास मशीनवर निर्धास्त सोपवता येतात.

कोणतं यीस्ट घ्यावं?

इन्स्टंट. त्याचे दाणे बारीक असतात, ते आधी भिजवावं लागत नाही आणि सरळ पिठात घालता येतं. ॲक्टिव्ह ड्राय यीस्टचे दाणे मोठे असतात. ते कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून घालावं. हे पाणी कृतीतल्या पाण्यातूनच घ्या. ताजं यीस्ट ओल्या वडीसारखं मिळतं आणि थोडेच आठवडे टिकतं. अदलाबदल करायची असेल तर इन्स्टंट १ ग्रॅमच्या जागी ॲक्टिव्ह ड्राय सव्वा ग्रॅम किंवा ताजं ३ ग्रॅम धरा.

बेकिंग पावडर हा यीस्टला पर्याय नाही. तिने केक फुगतो. मळून, ताणून, तासभर वाट बघून मिळणारी ब्रेडची जाळी तिच्याने येत नाही.

यीस्ट जिवंत आहे का, हे कसं कळेल?

अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा चमचा साखर आणि एक चमचा यीस्ट घाला. दहा मिनिटांत वर जाड फेस आणि आंबूस-गोड वास यायला हवा. नुसतं ढवळलेलं पाणी दिसत असेल तर ते यीस्ट टाकून द्या. पाणी मनगटावर घातलं तर कोमट लागेल इतपतच हवं, साधारण ४० अंश सेल्सिअस. ५५ ते ६० अंशांना यीस्ट मरतं, आणि गरम पाण्याने मारलेलं यीस्ट परत उठत नाही. पाकीट एकदा फोडलं की यीस्ट हवाबंद बाटलीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे ते कित्येक महिने चांगलं राहतं.

मीठ कमी केलं किंवा घातलंच नाही तर?

थोडं कमी चालेल, शून्य नको. मीठ ग्लूटेनची, म्हणजे गव्हाच्या पिठातल्या लवचीक प्रथिनाची, वीण घट्ट करतं आणि यीस्टचा वेग आवरतं. मीठ विसरलेला ब्रेड भराभर वर येतो आणि भाजायची वेळ होईपर्यंत त्याला स्वतःचा भार पेलत नाही. मग मधोमध खड्डा पडतो. चवही बेचव लागते. आरोग्यासाठी मीठ कमी करायचं असेल तर ४०० ग्रॅम पिठाला ५ ग्रॅमपर्यंत खाली या आणि यीस्टही थोडं कमी करा.

साखर पूर्ण वगळली तरी ब्रेड फुगतो, कारण पिठातल्या स्टार्चपासून यीस्टला पुरेसं खाद्य मिळतं. फक्त कवचाला रंग कमी येतो. उलट साखर पिठाच्या दहा टक्क्यांवर गेली की ती यीस्टमधलं पाणी ओढून घेते आणि फुगणं मंदावतं.

ब्रेडचा वरचा भाग मध्येच खाली का बसतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: भाजायच्या आधीच ब्रेड प्रमाणाबाहेर फुगला. हवेच्या पिशव्या ताणून ताणून पातळ झाल्या आणि उष्णता लागताच फुटल्या. असं होण्याची वाट मात्र वेगवेगळी असू शकते.

पाणी जास्त झालं असेल तर गोळा सुरुवातीलाच सैल दिसला असता. यीस्ट जास्त झालं असेल तर वास आंबूस-दारूसारखा येतो. मीठ विसरलं असेल तर चवीवरून कळतं. पण वर्षातल्या गरम दिवसांत, सगळी मापं अचूक असूनही ब्रेड बसतो, आणि तेव्हा लोक बिचाऱ्या पिठाला दोष देतात. मळताना घर्षणाने पीठ तापतं, त्यात खोली ३० अंशांच्या वर असेल तर यीस्ट दुप्पट जोमाने काम करतं. मशीन मात्र ठरलेला वेळ भरेपर्यंत थांबणार. अशा दिवसांत फ्रीजमधलं गार पाणी वापरा आणि यीस्ट पाव हिश्श्याने कमी करा. एवढ्याने बहुतेक ब्रेड सावरतो. उंच डोंगराळ ठिकाणी हवेचा दाब कमी असल्यानेही हेच होतं. तिथेही यीस्ट कमी करा.

ब्रेड वर छत्रीसारखा पसरून झाकणाला टेकत असेल तर मात्र प्रश्न मापाचा आहे. भांड्याच्या क्षमतेपेक्षा पीठ जास्त होतंय. सगळं साहित्य त्याच प्रमाणात घटवा.

आणि दगडासारखा घट्ट झाला तर?

बसलेल्या ब्रेडच्या नेमकी उलट परिस्थिती. गोळा कोरडा होता, यीस्ट जुनं होतं, किंवा खोली गार होती. ज्यांनी मळताना गोळा बघितला त्यांना पहिलं कारण लगेच बाद करता येतं. गार दिवसांत पाणी कोमट घ्या. झटपट प्रोग्रॅमवर केलेला ब्रेडही असाच दडस होतो, कारण फुगायला वेळच मिळत नाही. त्या प्रोग्रॅमला यीस्ट जास्त लागतं आणि चव तरीही उतरलेलीच येते. पाहुणे दारात उभे असल्याशिवाय मी तो वापरायला सुचवणार नाही.

संपूर्ण गव्हाच्या पिठाचा ब्रेड मैद्यासारखा हलका का होत नाही?

कणकेत कोंडा आणि अंकुर दोन्ही असतात. कोंड्याचे टोकदार कण ग्लूटेनच्या पापुद्र्याला भोकं पाडतात, आणि कोंडा पाणी सावकाश पण भरपूर शोषतो. मळताना बरोबर वाटलेला गोळा अर्ध्या तासाने कोरडा पडतो तो यामुळे. तेव्हा शंभर टक्के कणकेच्या ब्रेडकडून मैद्याची उंची मागू नये. त्याची मजा त्याच्या खमंग चवीत आणि भरीव पोतात आहे, आणि तो नीट जमला तर तासाभरात संपतो.

जमवण्यासाठी सुरुवात अर्धा मैदा, अर्धी कणीक अशी करा. पाणी ६७-६८ टक्के. हात बसला की कणीक वाढवत न्या. पूर्ण कणकेच्या ब्रेडला ४०० ग्रॅम पिठामागे २९० ते ३०० ग्रॅम पाणी, २० ग्रॅम तेल, २० ग्रॅम मध किंवा साखर, ७ ग्रॅम मीठ आणि ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घ्या. ग्लूटेन पावडर मिळत असेल तर १५ ग्रॅम घाला, उंचीत डोळ्याला दिसेल इतका फरक पडतो. गोळा मैद्याच्या गोळ्यापेक्षा चिकट दिसायला हवा. इथे वरचा नियम जरा सैल करा आणि पीठ भुरभुरायचा मोह आवरा.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो भिजवण्याचा. पीठ आणि पाणी घालून मशीन तीन-चार मिनिटं चालवा, बंद करा, अर्धा तास तसंच राहू द्या. कोंडा मऊ पडतो, ग्लूटेनची वीण मळल्याशिवायच जमू लागते. मग मीठ, तेल, मध, यीस्ट घालून कणकेचा प्रोग्रॅम लावा. काही मशीनच्या कणकेच्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीला काहीच हालचाल होत नाही. ते बिघडलेलं नसतं. ते हीच विश्रांती देत असतं.

पावडर, ताजं, उकळलेलं, कोणतं दूध वापरायचं?

पाण्याऐवजी दूध घेतलं तर ब्रेड मऊ होतो आणि कवचाला छान रंग येतो. फक्त दूध उकळून गार केलेलं हवं. कच्च्या दुधातली काही प्रथिनं ग्लूटेन सैल करतात, उकळल्यावर त्यांचा तो गुण जातो. दुधात साधारण ८७ टक्केच पाणी असतं, म्हणून २५० ग्रॅम पाण्याच्या जागी २८० ग्रॅमच्या आसपास दूध लागतं. उकळून आटल्यानंतर वजन करा. अंडं घालणार असाल तर तेही द्रवातच धरा. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात तीन चतुर्थांश पाणी असतं.

मशीनमध्ये बन करता येतात का?

येतात, आणि माझ्या मते ब्रेड मेकरचा सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे. मळणीचं कष्टाचं काम मशीन करतं, आकार तुमच्या हाताचा आणि भाजणी ओव्हनची. यासाठी नुसतं पीठ मळून पहिल्यांदा फुगवणारा प्रोग्रॅम असतो, साधारण दीड तासाचा.

बारा बनसाठी: उकळून गार केलेलं दूध २२० ग्रॅम, एक अंडं, मऊ लोणी ४० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, मैदा ४०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम. अंडं नको असेल तर दूध २६० ग्रॅम घ्या. लोणी मळणीच्या सुरुवातीला न घालता गोळा जमल्यावर तुकडे करून घाला. आधी घातलं तर स्निग्धांश पिठाला वेढतो आणि ग्लूटेन तयार व्हायला वेळ लागतो. लोणी पडल्यावर गोळा पुन्हा विस्कटल्यासारखा दिसेल. पाच मिनिटं थांबा, तो परत एकजीव होतो आणि तकाकी येते.

प्रोग्रॅम संपला की गोळा ओट्यावर काढा, तळहाताने हलकेच दाबून हवा काढा आणि ६०-६२ ग्रॅमचे बारा भाग वजनावर करा. डोळ्यांच्या अंदाजाने केलेले छोटे बन करपतात आणि मोठे आत कच्चे राहतात. आता आकार. प्रत्येक तुकड्याच्या कडा मध्यावर आणून चिमटा, जोड खाली करा, हाताचा पंजा पिंजऱ्यासारखा त्यावर धरा आणि गोल गोल फिरवा. ओट्यावर पीठ अजिबात नको. गोळी ओट्याला किंचित चिकटली तरच वरचा पापुद्रा ताणला जातो. दहा-बारा फेऱ्यांत ती घट्ट, गुळगुळीत आणि उभी राहते. हा ताण नसला की बन वर न जाता आडवे पसरतात. गोळी ताणली जात नसेल, मागे खेचत असेल, तर सगळ्या गोळ्या झाकून दहा मिनिटं ठेवा. पीठ सैलावतं.

मऊ कडेचे बन हवे असतील तर ट्रेमध्ये एकमेकांपासून बोटभर अंतरावर लावा, म्हणजे फुगून चिकटतील. सगळीकडून कवच हवं असेल तर लांब ठेवा. ओल्या सुती कापडाने झाकून ३५ ते ४५ मिनिटं फुगू द्या. बोटाने हलकेच दाबून बघा. खळगा लगेच भरून आला तर अजून वेळ हवा. हळूहळू अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये घाला. तसाच राहिला तर उशीर झालाय, लगेच भाजा. वरून दूध किंवा फेटलेलं अंडं लावा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १९० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. बाहेर काढल्या काढल्या लोण्याचा हात फिरवा आणि पाच मिनिटं कापडाने झाका. वाफेने वरचा पापुद्रा मऊ राहतो.

ओव्हन नसेल तर बनचा बेत सोडून द्यायचा का?

नाही. शेवटची मळणी झाली की पीठ बाहेर काढा, पातं काढून टाका, सहा-आठ गोळ्या करून त्याच भांड्यात शेजारी शेजारी रचा आणि मशीन पुढे चालू ठेवा. गोळ्या एकमेकींना धरून फुगतात, भाजल्यावर हाताने सुटे होणारे बन मिळतात. गोळ्यांना लोण्यात घोळवलं तर सहज सुटतात. भांड्याची क्षमता पाहून वरच्या कृतीतलं साहित्य कमी करा.

ब्रेडच्या तळाला पात्याचं मोठं भोक पडतं. ते टाळता येतं का?

शेवटची हवा काढून झाली की पातं उपसून घ्या आणि गोळा पुन्हा ठेवा. बोटांना पाणी किंवा तेल लावा. मशीनच्या पुस्तकात कोणता टप्पा किती मिनिटांनी येतो त्याचा तक्ता असतो. तो झाकणाच्या आत चिकटवून ठेवला की दर वेळी शोधावा लागत नाही. काही मशीन या वेळी शिट्टीही देतात. मग तळाला फक्त दांड्याएवढं छिद्र राहतं.

कापल्यावर आतून चिकट लागतो. कच्चा राहिला का?

बहुधा गरम कापला. भाजून निघालेल्या ब्रेडमध्ये वाफ भरलेली असते आणि स्टार्च अजून घट्ट झालेला नसतो. सुरी घातली की तो दाबून लगदा होतो. जाळीवर निदान एक तास ठेवा, मग दातेरी सुरीने, दाब न देता कापा. खात्री करायची असेल तर टोकाचा थर्मामीटर मध्यभागी खुपसा. साध्या ब्रेडला आत ९३ ते ९६ अंश हवेत. दूध, लोणी, अंडं असलेल्याला ९० च्या आसपास पुरे.

भाजणं संपल्यावर ब्रेड भांड्यातच राहू दिला तर बाजू ओल्या होऊन आत खचतात. गरम ठेवण्याचा प्रोग्रॅम असला तरी लगेच बाहेर काढलेला बरा.

रात्री टायमर लावून सकाळी ताजा ब्रेड मिळेल का?

हो. पण दूध, अंडं, दही असं नासणारं काही त्यात घालू नका. दुधाच्या जागी पाणी आणि दूध पावडर घ्या, पावडर पिठावर राहू द्या. यीस्ट पाण्याला लागणार नाही याची काळजी घ्या. आणि जी कृती दिवसा झाकण उघडून बघून जमली आहे तीच रात्री लावा, कारण रात्री गोळा बघायला कोणी नसतं.

मनुका, अक्रोड, मसाले कधी घालायचे?

मळणी संपत आली की. त्या वेळी मशीन शिट्टी देतं. आधी घातले तर पात्याने त्यांचा भुगा होतो. सगळं मिळून ४०० ग्रॅम पिठाला ८०-१०० ग्रॅमपर्यंत ठीक. मनुका भिजवल्या असतील तर चांगल्या पुसून घ्या. दालचिनी सढळ हाताने थेट पिठात घालू नका, तिच्यातला एक घटक यीस्टला दाबून टाकतो. चवीपुरती चिमूटभर चालते, जास्त हवी असेल तर साखरेत मिसळून बनच्या गुंडाळीत भरा. ताजा अननस, पपई आणि किवी यांतली एन्झाइम्स प्रथिनं तोडतात. ती फळं शिजवूनच घाला.

ग्लूटेन नसलेला ब्रेड यात होतो का?

होतो, पण तो वेगळाच पदार्थ समजा. गोळा बनत नाही, जाड घोळ दिसतो आणि तसाच दिसायला हवा. वीण धरायला ४०० ग्रॅम पिठाला साधारण २० ग्रॅम इसबगोल लागतं आणि पाणी जवळपास पिठाच्या वजनाइतकं. मळणी एकदाच, फुगणंही एकदाच, म्हणून त्याचाच खास प्रोग्रॅम वापरा. घरात कोणाला सीलिॲक आजार, म्हणजे ग्लूटेन न सोसणारा आजार, असेल तर त्यांच्यासाठी भांडं आणि पातं वेगळं ठेवा. पात्याच्या खोबणीत राहिलेलं थोडं गव्हाचं पीठही त्यांना त्रास देऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी कोरडा होतो. विकतच्यासारखा मऊ कसा राहील?

विकतच्या ब्रेडमध्ये ओलावा धरणारे आणि बुरशी रोखणारे पदार्थ असतात, घरच्यात नसतात. पण एक जुनी युक्ती फार चांगली काम करते. आशियाई बेकरीत तिला तांगझोंग म्हणतात. कृतीतल्या पिठातलं २५ ग्रॅम पीठ आणि १२५ ग्रॅम पाणी मंद आचेवर ढवळत शिजवा. साधारण ६५ अंशांना ते दाट होतं, चमच्याची रेघ उमटते. गार करून बाकीच्या साहित्याबरोबर घाला. शिजलेला स्टार्च कच्च्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतो, त्यामुळे ब्रेड दोन-तीन दिवस मऊ राहतो. शिजताना थोडं पाणी उडतं, ते गोळा बघून भरून काढा.

साठवताना फ्रीज टाळा. ब्रेड शिळा होतो तो स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट रचले गेल्यामुळे, आणि ही क्रिया फ्रीजच्या तापमानात सगळ्यात वेगाने होते. दोन दिवसांत संपणारा ब्रेड पूर्ण गार झाल्यावर डब्यात ठेवा. उरलेला त्याच दिवशी कापून, काप हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. लागतील तेवढे काप काढून सरळ टोस्टरमध्ये घालता येतात.

वीज किती लागते? मध्येच गेली तर?

एका लोफला साधारण अर्धा युनिट किंवा त्याहून कमी. मोठा भाग भाजताना जातो, मळणी आणि ऊब यांना फार थोडी लागते.

वीज काही मिनिटांत परत आली तर बऱ्याच मशीनमध्ये प्रोग्रॅम आहे तिथून पुढे सुरू होतो. तुमच्या मशीनची मर्यादा पुस्तकात दिलेली असते. जास्त वेळ गेली तर टप्प्यावर अवलंबून आहे. मळताना गेली तर हाताने मळा किंवा प्रोग्रॅम पहिल्यापासून लावा, काही बिघडत नाही. फुगताना गेली तर पीठ भांड्यात तसंच झाकून ठेवा, ते फुगत राहील. वीज आल्यावर ते दुपटीला आलेलं असेल तर फक्त भाजण्याचा प्रोग्रॅम लावा, एका तासाच्या आसपास. वीज येत नसेल आणि पीठ फार वर चढत असेल तर हवा काढून फ्रीजमध्ये ठेवा. गारव्यात यीस्ट मंदावतं. भाजताना गेली तर झाकण उघडू नका आणि वीज आली की राहिलेला वेळ भाजा. खूप वेळ गेलेला ब्रेड उंचीला कमी भरतो, पण खाण्याजोगा असतो.

पातं भांड्यात अडकून बसलंय. कसं काढायचं?

भांड्यात कोमट पाणी भरून अर्धा तास ठेवा आणि पातं थोडं मागेपुढे फिरवून उचला. सुरी किंवा पक्कड लावू नका, आतलं न चिकटणारं आवरण खरवडलं गेलं की प्रत्येक ब्रेड चिकटायला लागतो. धुतानाही मऊ स्पंजच वापरा आणि भांडं पाण्यात पूर्ण बुडवून ठेवू नका, तळाच्या फिरणाऱ्या भागात पाणी शिरलं तर तो गंजतो. पुढच्या वेळी दांड्याला तेलाचा थेंब लावून मग पातं बसवा.